त्यांचा रविवार, माझा सोमवार

५ मार्च, रविवार

आज सामान घेऊन इथे राहायला आलो. झूटरमेरच्या घरून निघताना ऊन होतं. ग्रोनिंगन ओलांडलं आणि आभाळ खाली आलं. जयंतीने गाडी चालवली, मागे लेक ऋजुता कानात बोळे घालून झोपली होती.

खोली कोठाराच्या माडीवर आहे. एक पलंग, एक टेबल, विजेची शेगडी. खिडकीतून थेट माझं शेत दिसतं. माझं म्हणजे फ्राउकेबाईंचं, एका हंगामापुरतं माझं. पुढे कधी वाचताना घोळ नको म्हणून बोलणं काय झालं ते इथे लिहून ठेवतो. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. यजमान गेले. मुलगा उट्रेख्टला असतो आणि त्याला ही जमीन शेजारच्या बटाटेवाल्याला कायमची कसायला द्यायची आहे. बाईंनी त्याला एक वर्ष थांबवलं आहे. या तुकड्यात मी उन्हाळी गहू घ्यायचा. पावाच्या प्रतीचा निघाला तर पुढची वर्षं जमीन मला. नाही निघाला तर बटाटे.

आमच्याकडे गहू रब्बीचा. थंडीत वाढतो, उन्हात पिकतो. इथे त्याच्या दोन जाती. एक शरदात पेरतात, तो हिवाळाभर जमिनीत झोपून राहतो. दुसरा हिवाळा सरल्यावर पेरून ऑगस्टअखेर कापतात, त्याला हे डच लोक उन्हाळी गहू म्हणतात. उतारा कमी, पण दाणा कणखर आणि पीठ चिवट. कमी उताऱ्यामुळे फारसं कोणी त्याच्या वाटेला जात नाही. माझं बी समुद्रापासून लांबच्या, कडक थंडीच्या मुलखासाठी निवडलेलं आहे. थंड मातीत उगवतं आणि थोड्या दिवसांत आपलं काम उरकतं. बियाण्यांच्या कंपनीत वीस वर्षं मी असलं बी ओल्या कागदावर उगवून पाहिलं. मातीत कधी टाकलं नाही. साहेबांनी बिनपगारी रजा दिली तेव्हा विचारलं, "सुट्टीत काय करणार?" मी म्हटलं, "पेरणी." त्यांना विनोद वाटला.

खिडकीच्या कट्ट्यावर खंडोबाचा टाक मांडला. दिवा लावू का विचारलं तर बाई म्हणाल्या, "वर वाळलेलं गवत आहे." मग बॅटरीचा दिवा लावला. देव समजून घेईल.

आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा बाईंनी घराचे पडदे ओढून घेतले. नंतर कळलं, त्या रविवारी काम करत नाहीत आणि बघतही नाहीत. जयंती म्हणाली, "पहिल्याच दिवशी नाराज केलंत."


१३ मार्च, सोमवार

पाऊस. शेतात पाय टाकला की माती बूट धरून ठेवते. काळीभोर चिकण माती, आमच्या गावच्या नदीकाठच्या मळईची आठवण करून देणारी, पण तिच्यापेक्षा हट्टी.

सकाळी जिन्याच्या पायरीशी रबरी बुटांचा जुना जोड ठेवलेला होता. बाईंच्या यजमानांचा असावा. माझ्या बुटांचा चिखल त्यांच्या अंगणात येतो, म्हणूनच. तसं तोंडावर म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. बूट मात्र बरोबर बसले.


२० मार्च, सोमवार

परवा पाडवा. मी ठरवलं आहे की पेरणी पाडव्याला करायची. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पहिलं पीक, परकी जमीन. वडील पाभरीला हळदकुंकू लावल्याशिवाय चाड्यात मूठ सोडत नसत. पेरणी हार्म करणार आहे. हा इथला यंत्रवाला, गावातल्या निम्म्या शेतांची पेरणी-कापणी तोच करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "फ्राउके काय म्हणते?" मी म्हटलं, सांगतो त्यांना.


२२ मार्च, बुधवार, पाडवा

काठीला जयंतीची पैठणी नाही, माझं उपरणं बांधलं. गुढी खिडकीतच उभी केली. वाऱ्याने ती दोनदा आत फेकली.

बाईंना सांगायला गेलो. त्या माझ्याबरोबर शेतात आल्या, काठी मातीत रोवली, उपसली, टोकाकडे पाहिलं. म्हणाल्या, "नाही. अजून बेक्वाम नाही."

हा शब्द मला ठाऊक आहे. कंपनीत दर वर्षी आमचं मूल्यमापन होतं, त्यात तो असतो. बेक्वाम म्हणजे लायक, कामाला समर्थ. वीस वर्षं माझ्या नावापुढे तो लिहिला गेला आहे.

मी एवढंच म्हटलं, "आज आमचा चांगला दिवस होता." त्या म्हणाल्या, "असेल." आणि घरात गेल्या.


२४ मार्च, शुक्रवार

दोन दिवस खोलीतच बसून आहे. पाऊस आहे हेही खरं. जप करायला बसतो आणि माळ हातात तशीच राहते. अजून म्हणजे काय? नंतर होईन लायक? एवढ्या वयात एका अनोळखी बाईने मातीत काठी घालून मला नापास करावं.

बाईंनी दार वाजवून मटाराचं घट्ट सूप ठेवलं. त्यात डुकराचं मांस असतं. परत नेऊन दिलं, कारण सांगितलं. त्यांनी भांडं आत नेलं. संध्याकाळी पुन्हा सूप, बिनमांसाचं. बहुतेक टाकून द्यायला नको म्हणून.


२६ मार्च, रविवार

ऋजुताचा फोन. ती डेल्फ्टला शिकते. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि राग आला की डचमध्ये. तिला बेक्वामचं सांगितलं. ती हसायला लागली.

"बाबा, दॅट्स नॉट अबाउट यू."

"मग कुणाबद्दल?"

"द ग्राउंड. माती. थांबा, आय विल लुक इट अप." मग तिने वाचून दाखवलं. शेतकरी जमिनीला बेक्वाम म्हणतात, ती नांगरायला, पेरायला योग्य झाली की. फार ओली नाही, फार कोरडी नाही.

मी म्हटलं, "वापसा."

"व्हॉट इज दॅट?"

किती तरी वर्षांत हा शब्द तोंडातून आला नव्हता. पाऊस पडून गेला की वडील बांधावर बसून राहायचे. आई विचारायची, "जात का नाही शेतात?" ते म्हणायचे, "वापसा नाही अजून." मूठभर माती घ्यायची, आवळायची, सोडायची. चिकट गोळा झाला तर थांबायचं, भुगा झाला तर उशीर झाला. गोळा होऊन बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, की वापसा. मी बाईंना मुहूर्त सांगत होतो आणि त्या मला वापसा सांगत होत्या. माझ्याच घरातला शब्द मला त्यांच्या तोंडून ऐकू आला नाही.

आज रविवार. माफी मागायला उद्या जाईन.


२७ मार्च, सोमवार

गेलो. सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, वापसा. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. "वाप्सा." मग म्हणाल्या, "बस, कॉफी घे." दीड बिस्किट मिळालं. अर्धं तुटलेलं होतं.


६ एप्रिल, गुरुवार, हनुमान जयंती

गेले काही दिवस रात्री पाणी गोठतं आणि दिवसा ऊन पडतं. थंडीने वरची ढेकळं आतून फुटली आहेत. ज्या थंडीला मी नावं ठेवत होतो तिनेच नांगराचं काम केलं.

सकाळी बाई स्वतः माझ्या जिन्याखाली उभ्या. मूठ पुढे करून उघडली. त्यात मातीचा गोळा. टिचकी मारली, फुटला. "वाप्सा," म्हणाल्या.

हार्म दुपारी आला. मी त्याच्या यंत्राला हळदकुंकू लावलं. तो म्हणाला, "हे धुऊन जाईल ना?" मी हो म्हटलं. बी थोडं दाट सोडायला लावलं. उशिराच्या पेरणीला फुटवे कमी येतात, म्हणून रोपंच जास्त हवीत. हार्मने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "बी त्याचं आहे, त्याला कळतं." पहिली मूठ मी हाताने सोडली. त्यानंतर बराच वेळ बांधावर उभा राहिलो. बांध म्हणजे इथे पाण्याचा चर, पण मी बांधच म्हणतो.


२० एप्रिल, गुरुवार

उगवलं. जमिनीला कान लावावा तसा वाकून पाहत होतो, तेव्हा चरापलीकडून सायकलवर जाणारी मुलं थांबून मला पाहत होती. हिरव्या सुया, सरळ रांगांत. थंडी आहेच. पण हे बी थंडीला घाबरत नाही.


११ जून, रविवार

महिना होत आला, पाऊस नाही. मार्चमध्ये पाण्याला नावं ठेवली, आता त्याचीच वाट पाहतो. पण चिकण मातीने खाली ओल धरून ठेवली आहे. शेजारच्या रेताड पट्ट्यातलं पीक पिवळं पडलं, आपलं पोटरीत आलं आहे, कुठे कुठे निसवून ओंबी बाहेर पडायलाही लागली. पानांना तांबेरा नाही. खताचा शेवटचा हप्ता मी मुद्दाम राखून ठेवला होता, तो परवा दिला. दाण्याची ताकद त्याच्यावर. हार्मला पटलं नाही. बघू.

जयंती शनिवारी आली होती. बाईंना तिने पोळ्या करून दाखवल्या. बाईंना मी मोरेश्वर शिकवून थकलो, त्या मोरेस म्हणतात. जयंतीचं नाव मात्र नीट घेतात. जाताना जयंती हळूच म्हणाली, "तुमच्या बाईंना वापसा आलेला दिसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मातीचं बघा तुम्ही."

बाई फोनवर मुलाशी इथल्या बोलीत बोलतात, मला समजत नाही. आज खिडकीखालून जाताना तीन-चारदा मोरेस ऐकू आलं. आवाज चढलेला होता. माझी काही तक्रार असणार. कोठाराचं दार मी नीट लावत नाही, त्याची असेल.


१६ जुलै, रविवार

दाणा चिकातून घट्ट होत आला. ओंजळभर ओंब्या तोडून शेगडीवर भाजल्या, चोळल्या, मीठ लावलं. वाटीभर बाईंना नेऊन दिल्या. रविवार आहे हे दारात पोचल्यावर आठवलं. त्या म्हणाल्या, "खाणं हे काम नाही." दोघांनी अंगणात बसून खाल्ल्या. यजमान असे हिरवे दाणे तळहातावर चोळून खायचे, म्हणाल्या. भाजत मात्र नसत.

त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. एका वर्षी गवत कापून पडलं होतं, पाऊस येताना दिसत होता, रविवार होता. सगळ्या गावाने गवत भरलं. त्यांचे वडील प्रार्थनेला गेले. गवत कुजलं.

"तुम्हाला राग आला होता?" मी विचारलं.

"मी नऊ वर्षांची होते. गायींची दया आली." मग म्हणाल्या, "या गावात रविवार पाळणारी मी शेवटची. मी गेल्यावर तो इथून जाईल."

परवापासून अधिक श्रावण.


५ ऑगस्ट, शनिवार

पाऊस थांबत नाही. दोन ठिकाणी गहू लोळला आहे. पिवळा झालेला दाणा ओला राहिला तर कणसातच कोंब धरतो. मग पीठ चिकट होतं, पाव बसतो, आणि गिरणीवाला तोच गहू डुकरांच्या खाद्याला द्या म्हणून सांगतो. पाच महिने आणि बाईंचा शब्द, दोन्ही त्या कोंबात. रोज सकाळी कणसं चोळून पाहतो. अजून नाही.

अधिक महिन्यात दान द्यावं म्हणतात. इथे कुणाला द्यावं कळेना. चरातल्या बदकांना पोळी घातली.


१८ ऑगस्ट, शुक्रवार

हार्म आला. ओंबी चोळली, दाणा दाताखाली फोडला. "झालाय," म्हणाला. "उद्यापासून ऊन आहे. मंगळवारी संध्याकाळपासून पुन्हा पाऊस, आठवडाभर. माझ्याकडे रविवार आहे किंवा सोमवार. मंगळवारी मी कालव्यापलीकडे."

बाई काठी टेकून उभ्या होत्या. "रविवारी माझ्या जमिनीवर यंत्र फिरत नाही."

"ते आजोबांच्या वेळेपासून माहीत आहे," हार्म हसला. "मग सोमवार. दव उडालं की येतो. चालेल, मोरेस?"

मी चालेल म्हटलं.

वर आलो आणि दिनदर्शिका पाहिली. सोमवार, नागपंचमी.

नागपंचमीला आमच्याकडे शेतात नांगर, कुदळ, विळा काही चालत नाही. घरात आई चिरत नसे, तवा ठेवत नसे. उकडलेलंच खायचं. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली ती गोष्ट ती दर वर्षी सांगायची, आणि आम्ही दर वर्षी पिल्लांसाठी रडायचो. मी आजवर या दिवशी भाजी चिरलेली नाही. कंपनीत असताना नखही कापलं नाही. आणि आता सबंध शेत कापायचं.

अधिक महिना आला नसता तर नागपंचमी जुलैतच होऊन गेली असती. गहू तेव्हा हिरवा होता. देवाने महिना वाढवला तो नेमका माझ्या कापणीवर आणून ठेवला. यात काही सांगणं आहे का? विचार करून डोकं दुखलं.

बाईंना सांगणार नाही. सांगितलं तर त्या पेचात पडतील. त्यांचा रविवार मी मागायचा नाही. सोमवारचं पाप माझं.


१९ ऑगस्ट, शनिवार

जयंती दुपारच्या गाडीने आली. पिशवीत हरभऱ्याची डाळ, गूळ, लाह्या, चंदनाचं खोड. तिला वाटलं दिंड करू, पाटावर नाग काढू.

"कापणी कधी?" तिने विचारलं.

"सोमवारी."

तिने पिशवी खाली ठेवली. "पंचमीला?"

"दुसरा दिवस नाही."

"रविवारी?"

"रविवारी त्यांना चालत नाही."

"आणि तुम्हाला सोमवारी चालतं. सांगितलंत त्यांना?"

"नाही. तूही सांगू नकोस."

"मी कशाला सांगू," ती म्हणाली. मला हायसं वाटलं.


२० ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

बाई प्रार्थनेहून आल्या तेव्हा जयंती त्यांच्याकडे वाटीभर पुरण घेऊन गेली. बराच वेळ आली नाही. मग जिन्यावर काठीचा आवाज झाला. बाई आजपर्यंत माझ्या खोलीत आल्या नव्हत्या. काळा पोशाख, गळ्याशी पिन. मागे जयंती, माझ्याकडे न बघता.

"उद्या तुझा रविवार आहे, हे खरं का?" बाईंनी विचारलं.

"रविवार नाही. नागाचा दिवस."

"काम चालत नाही?"

"कापणं, खणणं चालत नाही."

"मग शुक्रवारी तू हो का म्हणालास?"

"कारण तुम्ही रविवारला नाही म्हणालात."

त्या पलंगावर बसल्या. टाकाकडे पाहिलं, बॅटरीच्या दिव्याकडे पाहिलं. "हार्मला फोन लाव," म्हणाल्या. "आत्ता ये म्हणावं."

मी म्हटलं, "नाही."

"माझी जमीन आहे."

"गहू माझा आहे. तुमच्या वडिलांनी गवत कुजू दिलं. मी तुमचा रविवार मोडून गहू नेणार नाही."

"आणि मी तुझा सोमवार मोडू?"

"तो मी मोडतो आहे, तुम्ही नाही."

"तू माझ्यासाठी मोडतोस. म्हणजे तो माझ्या खात्यावर."

"बाई, तुमचं वय काय, तुम्ही आजवर—"

"वय काढू नकोस. तुझ्याइतकी हट्टी माणसं मी फक्त नात्यात पाहिली आहेत."

जयंती दाराशी उभी होती. मराठीत म्हणाली, "दोघंही दुसऱ्याचं पुण्य वाचवा आणि गहू बुडवा." बाईंनी विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं नाही. जयंतीने सांगितलं.

बाईंनी स्वतःच फोन लावला. हार्म मुलीच्या वाढदिवसाला बसला होता, मागे गाण्याचा गोंगाट. तो म्हणाला, "फ्राउके, तू आणि रविवार? बरी आहेस ना? पण मी आज येत नाही. केक कापायचाय आणि बिअर प्यायलोय. उद्या दव उडालं की येतो, नाही तर पुढच्या आठवड्यात." फोन ठेवला.

तेव्हा कुणाचाच हट्ट उरला नाही.

"तो नाग," बाई म्हणाल्या, "त्याचं काय झालं होतं?"

मी नांगराची आणि पिल्लांची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकली.

"आमच्या मातीत नाग नाहीत."

"ठाऊक आहे."

"ससे आहेत. या दिवसांतही पिल्लं असतात, गव्हात. यंत्र आलं तरी ती पळत नाहीत. जमिनीला चिकटून बसतात. माझे वडील कापणीआधी आम्हा मुलांना शेतातून चालायला लावायचे. टाळ्या वाजवत. आता कोण चालतं? हार्मच्या यंत्राची सहा मीटरचं पातं, त्याला वर बसून काय दिसणार." काठी आपटून उठल्या. "उद्या लवकर. लांब बाह्यांचे कपडे घाला, कुसळं टोचतात."


२१ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी

पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. काही चिरलं नाही, तवा ठेवला नाही. उपासाचं दूध घेतलं आणि शेतात गेलो.

आम्ही तिघं हाताच्या अंतराने गव्हातून चाललो. मी, बाई, जयंती. टाळ्या वाजवत. दवाने पाय ओले. बाई मधूनमधून त्यांच्या बोलीत काही ओरडत, लहानपणीचं असावं. दोन ससे लांब उड्या मारत गेले. एक तित्तर फडफडला. चराजवळच्या कोपऱ्यात जयंती एकदम थांबली आणि हाताने आम्हाला थांबवलं. मातीच्या खळग्यात पिल्लू, मुठीएवढं, डोळे उघडे, हलत नव्हतं. बाजूला दुसरं. ओंब्यांखाली त्यांचे पाठीचे केस मातीसारखेच दिसत होते.

"उचलू का?" जयंतीने विचारलं.

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "कोपरा ठेवा."

मी चार काठ्या रोवल्या आणि माझं उपरणं एकीला बांधलं. पाडव्याचंच. हार्म आला, काठ्या पाहिल्या, हिशेब केला, म्हणाला, "एवढा गहू सोडणार?" बाई म्हणाल्या, "तो सोमवारचा वाटा आहे." त्याला कळलं नाही, पण वळसा घालून गेला.

दुपारपर्यंत झालं. धूळ, भुसा, यंत्राच्या मागे कावळे. मी हाताने काही कापलं नाही. पण यंत्र मीच बोलावलं होतं, आणि देवाला फसवण्यात अर्थ नाही. मी पाळलं की मोडलं, मला सांगता येत नाही. आईला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी दिंड उकडले. बाईंनी तीन खाल्ले.

उपरणं वाऱ्यात उभं आहे. खिडकीतून दिसतं.


२९ ऑगस्ट, मंगळवार

सांगितल्याप्रमाणे पाऊस आला, अजून चालू आहे. शेजारचा न कापलेला गहू काळा पडतो आहे. कोपऱ्यातल्या गव्हाला कोंब धरले. पिल्लं तिथे नाहीत, गेली असतील.


२ सप्टेंबर, शनिवार

गिरणीचा निकाल आला. लोळलेल्या भागातला गहू नापास, तो वेगळा काढला. बाकीचा पावाला चालेल. उत्तम नाही, पण चालेल, आणि दाण्याची ताकद त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरी. खताचा शेवटचा हप्ता कामी आला. पुष्कळ वेळ कागद हातात धरून बसलो. मग खंडोबापुढे ठेवला.

बाईंना दाखवायला गेलो. चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घातली, परत दिला. म्हणाल्या, "बरं." कॉफी दिली, दोन अखंड बिस्किटं. मी पाव्हण्यासारखा बसलो होतो, त्या पुढे काय बोलतात याची वाट पाहत. त्या म्हणाल्या, "तुझा नागाचा दिवस पुढच्या वर्षी कधी आहे? हार्मला आधीच सांगून ठेवायला हवं, त्याची वही लवकर भरते."

फोनवर पाहिलं. नऊ ऑगस्ट, शुक्रवार. तोवर गहू कापणीला आलेला नसेल, काही अडचण नाही, असं सांगितलं.

"बरं," म्हणाल्या. "आणि बूट इथेच ठेव."

मी बूट घासूनपुसून जिन्याशी ठेवले. नेणार आहे असं त्यांना का वाटावं कळेना.

जमिनीचं मात्र काही बोलल्या नाहीत. मुलाचं मन वळलं नसेल. विचारायचा मला धीर झाला नाही, आणि आता उद्या रविवार, म्हणजे उद्याही नाही.

जयंतीला फोन करून सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. ती हसायला लागली, थांबेचना. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. या घरी. आणि ते शेगडी-भांडी बांधून आणू नका उगाच."

सोमवारी विचारीन बाईंना.